कंपनी कुठं नोंदवायची: कोल्हापूर, डेलावेअर की सिंगापूर?

शिरोलीनाका (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी आणि माझा वर्गमित्र, दोघंही कोल्हापूरचे. त्याच्या वडिलांचं, अण्णांचं, गोकुळ शिरगावला मशीन शॉप आहे. ड्रॉइंग आलं की अण्णा वही काढून बसायचे. मटेरियल किती जाईल, सायकल टाइम किती, सेटिंग किती वेळा बदलावं लागेल, एका कोटेशनला दोन-दोन दिवस. तोवर दुसरा कुणीतरी ऑर्डर घेऊन मोकळा. हे काम करणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहिलं. शिरोलीत चार जणांनी घेतलं, त्यातल्या दोघांनी पैसेही दिले. मग ओहायोतल्या एका सहा माणसांच्या शॉपनं इंटरनेटवर बघून आपणहून विचारलं. त्यानं शेजारच्याला सांगितलं. आज अमेरिकेत ११ गिऱ्हाइकं आहेत, प्रत्येकी महिन्याला १४९ डॉलर. सगळं सध्या मित्राच्या प्रोप्रायटरशिपवर चाललंय.

आता रीतसर कंपनी काढायची म्हटलं तर जो भेटतो तो वेगळं सांगतो. एक सल्लागार म्हणतो, ५०० डॉलरमध्ये घरबसल्या अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात कंपनी काढा, अमेरिकन गिऱ्हाईक अमेरिकन कंपनीवरच विश्वास ठेवतं. मावसभाऊ सिंगापूरला असतो, तो म्हणतो इकडे काढा, कर कमी. वडील म्हणतात, इथंच काढ, उगाच फॉरेनच्या भानगडी नकोत.

दोघांनी मिळून सहा लाख बाजूला ठेवलेत. पुण्याच्या एका गुंतवणूकदाराबरोबर चहा झालाय. फक्त चहा.

---

भटका_कोडर | सोमवार, रात्री ११.५८

डेलावेअर सी कॉर्प (तिथली शेअर्सवाली रीतसर कंपनी), डोळे झाकून. उद्या अमेरिकेतून पैसा उभारायचा तर तिकडचे गुंतवणूकदार दुसऱ्या कागदाला हात लावत नाहीत. कायदा त्यांच्या वकिलांना तोंडपाठ आहे. स्ट्राइप (ऑनलाइन पैसे घ्यायचं साधन) लगेच सुरू होतं. भारतात ते मे २०२४ पासून निमंत्रण असेल तरच मिळतं.

---

पोहेप्रेमी | मंगळवार, सकाळी ७.१०

आमच्या ओळखीत एकानं गोव्यात कंपनी नोंदवली, कर वाचतो म्हणे. कोल्हापूरहून गोवा काय, तीन-चार तासांचा रस्ता. तो पर्याय बघितलात का?

---

लेखापाल | मंगळवार, सकाळी ९.२५

पोहेप्रेमी, आधी तुमचं निस्तरतो. प्राप्तिकर केंद्राचा आहे. कंपनी पणजीत नोंदवा, कोल्हापुरात नोंदवा, दर तोच. कंपनी कायदाही एकच. २०२० पासून नोंदणीचा स्पाइस प्लस अर्जही सगळ्यांना सारखाच, आणि १५ लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाला केंद्राची नोंदणी फी शून्य. राज्यागणिक बदलते ती स्टॅम्प ड्युटी, व्यवसाय कर आणि दुकाने-आस्थापनांचे नियम. व्यवसाय कर महाराष्ट्रात माणशी जास्तीत जास्त वर्षाला २,५००. एवढ्यासाठी कुणी घाट उतरू नये. राज्याची उद्योगांसाठीची सवलत योजना तालुक्यांच्या ए, बी, सी, डी, डी प्लस अशा वर्गवारीवर चालते, पण तिथं कारखाना कुठं आहे ते बघतात. नोंदणीकृत कार्यालयाच्या पाटीला कुणी विचारत नाही.

उलट एकदा परराज्यात नोंदवली आणि परत आणायची म्हटलं तर रीजनल डायरेक्टरची मंजुरी लागते. फार काय, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मुंबई आरओसीकडून (कंपनी निबंधकाकडून) पुणे आरओसीकडे यायलाही तीच पायरी. कोल्हापूर पुण्याच्या आरओसीखाली येतं.

शिरोलीनाका, तुम्हाला मात्र उलटे प्रश्न. एक, पुढची तीन वर्षं तुम्ही दोघं राहणार कुठं? दोन, पैसे कुणाकडून घ्यायचा विचार आहे, आणि खरंच घ्यायचे आहेत का? ही दोन उत्तरं द्या, मग देशाचं बोलू. कराचा दर सगळ्यात शेवटी बघायचा असतो, आणि लोक सगळ्यात आधी तोच विचारतात.

---

शिरोलीनाका | मंगळवार, दुपारी १.०५

राहणार कोल्हापुरातच. माझं लग्न ठरतंय, मित्राला अण्णांचं शॉप आहे. पैसे... खरं सांगायचं तर नक्की माहीत नाही. मिळाले तर हवेत.

---

हातपोळलेला | मंगळवार, दुपारी ३.४०

भटका_कोडर, "डोळे झाकून" हे शब्द वाचून लिहायला बसलो.

मी नाशिकचा, एकटाच काम करतो. २०२१ मध्ये डेलावेअरला एलएलसी (मर्यादित जबाबदारीची साधी कंपनी) काढली. अर्धा तास लागला. पत्ता तिथल्या एजंटचा, बँक खातं ऑनलाइन. आठवडाभर छाती फुगवून फिरलो. एजंटानं सांगितलं, दरवर्षी १ जूनच्या आत ३०० डॉलर भरायचे, बस्स. ते मी इमानदारीनं भरत राहिलो.

मालक परदेशी आणि एकटा असेल तर कर शून्य असला तरी अमेरिकेच्या आयआरएसला, म्हणजे तिथल्या प्राप्तिकर खात्याला, फॉर्म ५४७२ द्यावा लागतो, हे मला दोन वर्षांनी कळलं. तेही एका दुसऱ्या फोरमवर, रात्री दीड वाजता. चुकवला तर दंड एका वर्षाचा २५,००० डॉलर. माझी वर्षाची उलाढाल तेव्हा १४,००० डॉलर होती. म्हणजे मी जेवढं कमावलं त्याहून जास्त दंड, आणि तोही दोनदा. तिथल्या एका अकाउंटंटला गाठून उशिराचे फॉर्म कारणांसहित भरले. अजून नोटीस आलेली नाही, पण अमेरिकेचा शिक्का असलेलं पाकीट दिसलं की पोटात गोळा येतो.

ही झाली तिकडची बाजू. इकडे प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो, ते माझ्या इथल्या सीएला मीच सांगितलं.

---

भटका_कोडर | मंगळवार, दुपारी ४.०२

वाईट झालं तुमचं. पण तुमची एलएलसी होती, मी सी कॉर्प म्हणतोय.

---

हातपोळलेला | मंगळवार, दुपारी ४.०९

सी कॉर्पला फॉर्म कमी लागतात असं तुम्हाला म्हणायचंय का? परदेशी माणसाकडे २५ टक्के किंवा जास्त हिस्सा असला की ५४७२ त्यांनाही आहे.

---

एडिसनची_सून | मंगळवार, रात्री ९.३० (इकडे सकाळ)

सी कॉर्पचा माझ्या नवऱ्याचा किस्सा. तो आणि त्याचे दोन सहकारी, तिघांची स्टार्टअप, डेलावेअरला नोंदवलेली. रिवाजाप्रमाणे १ कोटी शेअर्स अधिकृत (म्हणजे जास्तीत जास्त एवढे काढता येतील). पहिल्या वर्षी फ्रँचाइज टॅक्सचं, म्हणजे तिथं कंपनी नोंदलेली ठेवण्याच्या वार्षिक कराचं, पत्र आलं. आकडा: ८५,१६५ डॉलर. कंपनीच्या खात्यात तेव्हा ११,००० होते. नवरा स्वयंपाकघरात येऊन नुसता उभा राहिला, हातात कागद, तोंडातून शब्द नाही. मला वाटलं गावाकडून काही वाईट बातमी आली.

मग कळलं की हा कर मोजायच्या दोन रीती आहेत. पत्रात अधिकृत शेअर्सच्या संख्येवर मोजून येतो. दुसऱ्या रीतीनं कंपनीची एकूण मालमत्ता धरून मोजला की तोच कर किमान ४०० डॉलरवर येतो. वर वार्षिक अहवालाचे ५०. मुदत १ मार्च. ४५० भरले आणि सुटलो. पण पत्रात तो मोठा आकडाच ठळक असतो बरं.

आणि माझ्यापुरतं सांगते. मी इथं घरून फराळाचं आणि मसाल्यांचं करते. मलाही सगळे म्हणत होते डेलावेअर, डेलावेअर. आमच्या इथून तासा-दीड तासावर आहे ते. पण धंदा न्यू जर्सीत, गिऱ्हाईक न्यू जर्सीत. डेलावेअरला नोंदवली असती तर तिकडचे ३०० आणि शिवाय इथं "बाहेरची कंपनी" म्हणून वेगळी नोंदणी. सरळ न्यू जर्सीला एलएलसी काढली. १२५ डॉलर एकदा, मग दरवर्षी ७५. कॅलिफोर्नियात तर बाहेरच्या राज्यातली कंपनी असली तरी तिथं धंदा केला की वर्षाला किमान ८०० डॉलर चुकत नाहीत. स्वस्त राज्य शोधत फिरणाऱ्याला शेवटी दोन्हीकडची फी भरावी लागते.

---

अडकित्ता | मंगळवार, रात्री १०.१५

न्यू जर्सीचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर, धागाकर्त्याची माफी मागून.

कंपन्यांचं माहेरघर आधी न्यू जर्सीच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कायदे सैल करून त्यांनी बड्या ट्रस्टना (म्हणजे मक्तेदार उद्योगसमूहांना) बोलावून घेतलं आणि त्या फीवर राज्याचा गाडा चालवला. शेजारच्या डेलावेअरनं १८९९ मध्ये तसाच कायदा केला, दर थोडे कमी. मग वुड्रो विल्सन न्यू जर्सीचे गव्हर्नर असताना १९१३ मध्ये त्यांनी ट्रस्टविरोधी सात कायदे आणले. कंपन्या उठल्या आणि नदीपलीकडे गेल्या. पुढं न्यू जर्सीनं कायदे मागं घेतले, पण गेलेलं गिऱ्हाईक परतलं नाही.

आज डेलावेअरची वस्ती साधारण दहा लाख, आणि अमेरिकेतल्या पाचशे बड्या कंपन्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त तिथं नोंदलेल्या. विल्मिंग्टनमध्ये नॉर्थ ऑरेंज स्ट्रीटवर १२०९ नंबरची एक बैठी इमारत आहे, तिच्या एका पत्त्यावर अडीच लाखांहून जास्त कंपन्या. आमच्या चाळीत सोळा बिऱ्हाडं होती तरी पोस्टमन वैतागायचा.

पण डेलावेअरचं खरं भांडवल म्हणजे तिथलं कोर्ट ऑफ चॅन्सरी, १७९२ पासूनचं. ज्युरी नाही, कंपनीच्या वादांत मुरलेले न्यायाधीश, आणि शंभर वर्षांचे निकाल. भांडण झालं तर काय होईल याचा वकिलाला अंदाज बांधता येतो. गुंतवणूकदार त्या अंदाजासाठी डेलावेअर मागतो, कर वाचावा म्हणून नव्हे. तिथंही सगळे खूश नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये त्याच कोर्टानं मस्क यांचं टेस्लातलं ५५ अब्ज डॉलरचं पॅकेज रद्द ठरवलं आणि जूनमध्ये टेस्लाच्या भागधारकांनी कंपनी टेक्सासला हलवायला मत दिलं. मार्च २०२५ मध्ये डेलावेअरनं आपला कायदा बड्या भागधारकांना सोयीचा होईल असा बदलला. न्यू जर्सीची गोष्ट त्यांच्या लक्षात असणार.

---

लेखापाल | बुधवार, सकाळी ८.५०

अडकित्ता, अवांतर म्हणत मुद्द्याचं बोललात. कोर्टाचा उपयोग भांडण होण्याइतका पैसा आल्यावर. ११ गिऱ्हाइकांच्या कंपनीत भांडण झालं तर ते रंकाळ्यावर मिटतं.

आता शिरोलीनाका यांच्यासाठी, जे त्या ५०० डॉलरवाल्या सल्लागारानं सांगितलं नसणार.

तुम्ही दोघं भारतात राहणारे. तुम्ही परदेशात कंपनी काढता म्हणजे फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) भाषेत तुम्ही परदेशात गुंतवणूक करता. ती माणशी वर्षाला २.५ लाख डॉलरच्या एलआरएसच्या, म्हणजे व्यक्तीनं परदेशी पैसे पाठवण्याच्या, मर्यादेत करता येते, पण अधिकृत बँकेमार्फत, फॉर्म भरून, आधी ओळख क्रमांक घेऊन. क्रेडिट कार्डानं फी भरली आणि कंपनी निघाली, असं होत नाही. पुढं दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत त्या कंपनीचा अहवाल रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत बँकेमार्फत द्यायचा.

पण खरी मेख पुढं आहे. ऑगस्ट २०२२ च्या नियमांप्रमाणे, ज्या परदेशी कंपनीवर तुमचं नियंत्रण आहे तिला उपकंपनी असेल, तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला तिच्यात अशी गुंतवणूक करता येत नाही. नियंत्रणाची व्याख्याही १० टक्के मतांपर्यंत खाली येते. आता विचार करा. काम करणारी माणसं कोल्हापुरात. उद्या तीन पोरं कामाला ठेवायची, त्यांचा पीएफ, पगार, टीडीएस. त्यासाठी इथं कंपनी लागणार. डेलावेअर वर, कोल्हापूर तिची उपकंपनी, असं चित्र सगळे काढून देतात. आणि तुमच्या बाबतीत नेमकं तेच बसत नाही. जे करतात ते वकिलांना लाखो रुपये देऊन वेगळ्या वाटेनं करतात. तुमच्याकडे सगळे मिळून सहा लाख.

कराचं गणित घाला. सी कॉर्पच्या नफ्यावर अमेरिकेत केंद्राचा २१ टक्के. उरलेला लाभांश तुम्हाला पाठवताना तिथं २५ टक्के कापून येणार, मग इथं तुमच्या स्लॅबनं हिशेब, तिकडे कापलेल्याची वजावट घेऊन. शिवाय काम इथं होतं म्हणून त्या कंपनीनं इथल्या माणसांना बाजारभावानं पैसे द्यायचे, त्यावर इथं कर. भारतीय प्रायव्हेट लिमिटेडला नवी २२ टक्क्यांची योजना घेतली तर अधिभार-उपकर धरून २५.१७ टक्के. लाभांशावर इथंही तुमच्या हातात कर आहेच, ते लपवत नाही. त्याच कारणासाठी, बाहेरचा पैसा घ्यायचाच नसेल तर एलएलपीही (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) बघा. नफ्यावर ३० टक्के अधिक उपकर, पण भागीदाराच्या हातात आलेल्या नफ्यावर पुन्हा कर नाही, आणि ४० लाख उलाढालीपर्यंत कंपनी कायद्यासारखं सक्तीचं ऑडिट नाही. तोटा एवढाच की शेअर नसल्यानं गुंतवणूकदार फिरकत नाही.

---

भटका_कोडर | बुधवार, सकाळी ९.३०

उपकंपनीच्या नियमाचं माहीत नव्हतं. मी स्वतः सिअ‍ॅटलला होतो तेव्हा काढली होती, म्हणून आड आलं नसणार. तरी एक विचारतो. अमेरिकेतलं छोटं मशीन शॉप कोल्हापूरच्या कंपनीला पैसे देईल का? तिथला अकाउंटंट पहिला प्रश्न विचारतो, डब्ल्यू-९ (तिथल्या करदात्याच्या ओळखीचा फॉर्म) पाठवा.

---

शिरोलीनाका | बुधवार, सकाळी १०.१०

हो, अगदी हाच अनुभव. मिशिगनमधल्या एका बाईंनी डब्ल्यू-९ मागितला. आम्हाला वाटलं झालं, गेलं गिऱ्हाईक.

---

लेखापाल | बुधवार, सकाळी १०.४५

भारतीय कंपनी डब्ल्यू-९ देत नाही, डब्ल्यू-८बेन-ई, म्हणजे परदेशी कंपनीसाठीचा तसाच फॉर्म, देते. एकदा नीट भरून पीडीएफ करून ठेवा आणि मागितला की पाठवा. अमेरिकेत तुमचं ऑफिस नाही, माणूस नाही, काम सगळं इथं होतं. भारत-अमेरिका कर करारानुसार धंद्याच्या नफ्यावर तिथला केंद्राचा प्राप्तिकर लागत नाही. पैसे घ्यायला रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या चौकटीखालच्या सीमापार पेमेंट कंपन्या आहेत, त्या तुमच्या नावानं अमेरिकेतला खाते क्रमांक देतात. गिऱ्हाइकाला वाटतं तिथल्या तिथंच भरलं. जीएसटीत निर्यात शून्य दरानं, एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) दरवर्षी न चुकता.

एक सांगून ठेवतो, याचा नोंदणीशी संबंध नाही. ओहायोसारखी काही राज्यं धंद्यासाठी वापरलेल्या अशा सॉफ्टवेअरवर विक्रीकर लावतात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानंतर तिथं ऑफिस नसलं तरी विक्री ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की कर लागू होतो. ओहायोत १ लाख डॉलरची मर्यादा आहे, विक्रीच्या बिलांची संख्याही मोजतात. कंपनी डेलावेअरची असो की कळंब्याची, गिऱ्हाईक जिथं आहे तिथला कर. तुम्ही अजून लांब आहात, पण गिऱ्हाइकांचा राज्यवार हिशेब आजपासून ठेवा.

---

सिंगापूरकर | बुधवार, दुपारी १२.२०

मावसभावाच्या वतीनं बोलतो (मी तो नाही!). कर इथं १७ टक्के, नव्या कंपनीला पहिली तीन वर्षं पहिल्या १ लाख सिंगापूर डॉलरच्या नफ्यात ७५ टक्के सूट. कारभार स्वच्छ, नोंदणी दिवसाभरात. पण एक संचालक इथं राहणारा लागतो आणि सहा महिन्यांत कंपनी सेक्रेटरी. मावसभाऊ संचालक व्हायला तयार आहे का? संचालकाची जबाबदारी कायद्यानं खरी असते, नुसती सही नव्हे. भाड्यानं संचालक मिळतात, त्यांची फी तुमच्या एका-दोन गिऱ्हाइकांची वर्षाची कमाई खाईल. आणि लेखापालांनी सांगितलेला फेमाचा नियम इथंही जसाच्या तसा. आग्नेय आशियात गिऱ्हाईक असतं तर मी आग्रह केला असता.

---

अडकित्ता | बुधवार, दुपारी १.३०

बाहेर गेलेले परत येताहेत हेही बघा. फोनपेनं २०२२ मध्ये मुक्काम सिंगापूरहून भारतात हलवला, त्या बदलापायी त्यांच्या गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटी रुपये कर भरावा लागला. ग्रो (शेअर-गुंतवणुकीचं अ‍ॅप) २०२४ मध्ये डेलावेअरहून परतली, सुमारे १,३४० कोटी. इथल्या शेअर बाजारात उतरायचं म्हणून मोजले त्यांनी. आपल्याकडचा एंजल टॅक्सही (स्टार्टअपमध्ये चढ्या भावानं आलेल्या गुंतवणुकीवरचा कर) २०२४ च्या अर्थसंकल्पात गेला, जो बाहेर पळण्याचं एक मोठं कारण होता.

---

हातपोळलेला | बुधवार, दुपारी १.३४

८,००० कोटी! आणि मी ५४७२ साठी झोप घालवली.

---

भटका_कोडर | बुधवार, दुपारी २.१५

मान्य, माझं "डोळे झाकून" मागं घेतो. पण अर्धंच. उद्या अमेरिकेतल्या एखाद्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये निवड झाली, तर ते डेलावेअर मागणारच.

---

लेखापाल | बुधवार, दुपारी २.५०

मागतील तेव्हा त्यांचा पैसा आणि त्यांचे वकील टेबलावर असतील. तेव्हा करा. आणि नुसतं अमेरिकेत माणूस ठेवायचा असेल तर उलट रचना सोपी आहे: आई कोल्हापूरची, मुलगी डेलावेअरची. भारतीय कंपनीला नेटवर्थच्या चौपटीपर्यंत परदेशी उपकंपनीत घालता येतं.

आता इथल्या त्रासाचंही सांगतो, नाहीतर म्हणाल काका एकतर्फी. पहिल्या ३० दिवसांत ऑडिटर नेमायचा. १८० दिवसांत भांडवल भरल्याचं कळवायचं. नफा असो-नसो, दरवर्षी ऑडिट. वार्षिक फॉर्म उशिरा गेले तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं, कंपनी काढून विसरले होते. तीन वर्षं व्यवहार एक रुपयाचा नाही आणि भरायचे दोन लाखांच्या पुढं. कंपनी बंद करायलाही कागद लागतात.

---

एडिसनची_सून | बुधवार, रात्री ९.१०

दोघांमध्ये हिस्सा कसा, आणि एकजण मधेच सोडून गेला तर काय, हे आधी कागदावर घ्या हो. देश कुठलाही असो. आमच्या तिघांचे आता दोन उरलेत, आणि गेलेल्याकडे अजून ३० टक्के आहेत.

---

शिरोलीनाका | रविवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. आम्ही दोघं एका रात्री बसलो. प्रायव्हेट लिमिटेड, कोल्हापूर. एलएलपीवर तासभर वाद झाला, पण पुण्यातला तो चहा मित्राच्या डोक्यातून जात नाही. हिस्सा ५०-५०, चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं पक्का होणारा. एडिसनच्या वहिनींचा सल्ला तंतोतंत. कंपनी अजून निघायची आहे, म्हणून मिशिगनच्या बाईंना सध्या मित्राच्या नावानं डब्ल्यू-८बेन (व्यक्तीसाठीचा फॉर्म) पाठवला. त्यांचं एका ओळीत उत्तर आलं, थँक्स, आणि पुढच्या महिन्याचे पैसेही.

कंपनीच्या नावाचा पहिला पर्याय फेटाळला गेला, दुसरा मिळाला. नोंदणीकृत कार्यालयासाठी दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल लागतं. आमच्या घरचं बिल अजून आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली. घरफाळा आत्यांच्या आणि बाबांच्या, चौघांच्या नावावर. तेव्हा अण्णांचं राजारामपुरीतलं घर ठरलं, तिथलं सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे.

ना-हरकत पत्र छापून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, पेन उघडलं, परत बंद केलं आणि विचारलं, "पत्ता माझा, कोटेशनची वही माझी. मग कंपनीत माझा टक्का किती?"

लेखापाल काका, तीन भागधारक असतील तर फॉर्ममध्ये काय बदलतं?